ब्लोअरचा पट्टा

विशालनं तुटका पट्टा काउंटरवर टाकला, तेव्हा मी आधी पट्टा उचलून हुंगला आणि मग त्याच्या भुवईकडे बघितलं. भुवईवर चिकटपट्टी होती आणि तिच्या कडेनं रक्त सुकून काळं पडलं होतं. अगं बाई, तू आई आहेस की दुकानदारीण, असं माझं मलाच विचारावंसं वाटलं. पण सवय ती सवय. भिवंडीच्या नारपोलीत कापडाच्या लूमवाल्यांना पट्टे विकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. तुटका पट्टा समोर आला की माझं नाक आधी पुढे होतं. करपट वास आला तर पट्टा पुलीवर घसरून घसरून गेला, वास आला नाही तर ताणाने गेला. ह्याला वासच नव्हता. मधोमध तुटलेला, आतल्या दोऱ्या पिंजलेल्या. "दुसरा पण गेला," विशाल म्हणाला आणि हसायला लागला, पण भुवई दुखली असणार, हसू अर्ध्यावरच राहिलं. लागलं कसं, विचारलं तर म्हणे, "तुकडा उडाला गं. काय नाय. चष्मा होता डोळ्याला." चष्म्याच्या बोटभर वर लागलंय आणि हा मला चष्म्याचं कौतुक सांगतोय. बोटभर खाली लागलं असतं तर, हे मी बोलले नाही. समोरच्या कारखान्यात लूमची खडखड चालू होती, दारात एक माणूस मघापासून "भाभी, मेरा बेल्ट" करत उभा होता, आणि मी तो तुटका पट्टा मुठीत असा धरला होता की बोटं दुखायला लागली.

बोट जीवनची. जीवन म्हणजे विशालचा शाळेपासूनचा दोस्त; दापोड्याला त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली तेव्हापासून त्याला दर वर्षी एक नवं खेळणं लागतं. ह्या वर्षी गोव्याहून जुनी स्पीडबोट आली. पण खाडी काही विकत मिळत नाही. गाळ कुठे, खडक कुठे, ओहोटीला पाणी कुठल्या अंगाला खेचतं, ते विशालला ठाऊक, म्हणून चालवणार विशाल. रविवारी गावदेवीची जत्रा, आणि जत्रेला भरतीच्या पाण्यावर बोटींची शर्यत. ह्या बोटीच्या इंजिनाच्या डोक्यावर सुपरचार्जर बसवलाय. पोरं त्याला ब्लोअर म्हणतात. "आई, इंजिनाला लागते त्याच्याहून जास्त हवा हा त्याच्या घशात कोंबतो," विशालनं मला समजावलं होतं. मी तुला वरणभात कोंबायचे तसा का, मी म्हटलं. तर म्हणे, हो, तसाच. आणि हा कोंबणारा फिरतो कशावर, तर इंजिनाच्याच खालच्या पुलीवरून वरच्या पुलीवर गेलेल्या एका पट्ट्यावर. पट्टा तुटला की जोर गेला. भर वेगात तुटला तर त्याचे तुकडे कुठे जातील ते गावदेवीलाच माहीत. पहिला पट्टा मी दिला, दुसराही मीच. दोन्ही वेळा मी स्वतः धक्क्यावर जाऊन, अंगठ्यानं दाबून, ताण बघून आले होते. आता तिसरा. "ह्या वेळेला तू म्हणशील तो घालतो," विशाल म्हणाला. "रेघांचा म्हणालीस तर रेघांचा, दात्यांचा म्हणालीस तर दात्यांचा. तू ठरव." आणि कामाला निघून गेला. दापोड्याच्या एका गोदामात तो सुपरवायझर आहे, त्याची शिफ्ट चुकत नाही.

मुंबईहून मागवलेले दोन पट्टे मी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. एकाच्या पोटावर लांबीभर बारीक रेघा. दुसऱ्याच्या पोटावर आडवे दाते, पुलीच्या खाचांत बरोबर बसणारे. रेघांच्या पट्ट्याबरोबर त्याच्या पुल्याही मागवून ठेवल्या होत्या. दोन्हींत फरक एवढाच, की भार फार झाला तर रेघांचा पट्टा घसरतो. जरा किंचाळतो, करपतो, पण घसरतो. जोर अर्धाच पुढे जातो आणि बाकीच्या यंत्राचा जीव वाचतो. दात्यांचा घसरत नाही. इकडे जेवढा जोर, तिकडे तेवढाच. तुटेल, पण घसरणार नाही. शर्यतीला दात्यांचाच हवा, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि माझा हात मात्र सारखा रेघांच्या पट्ट्याकडे जात होता. विशालला कळणारही नाही. बोट निघेल, पाणी कापेल, आणि ऐन वेगाला आली की पट्टा गुपचूप घसरेल. पोरगं हरेल, घरी येऊन दोन दिवस तोंड पाडून बसेल, आणि जिवंत असेल. हरलेला मुलगा मला चालतो. मला तो कसाही चालतो. असं मनात येत होतं आणि त्याच वेळी ते "तू ठरव" कानात वाजत होतं. किती सहज बोलून गेला. मी त्याला फसवीन असं त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

घसरण्याचं म्हणाल तर माझ्याइतकी तयारीची घसरणारी दुसरी कुणी नसेल. आमच्या घरात बाप आणि मुलगा एकमेकांशी बोलत नाहीत. भांडणही करत नाहीत, भांडायला बोलावं लागतं. गेल्या दिवाळीच्या आधीपासून हे चाललंय. ह्यांची, म्हणजे रामनाथांची, जुनी रेती काढायची होडी खाडीच्या गाळात कलती पडली होती. खाडीतली रेती काढायला बंदी आली तेव्हापासून ती तिथेच. हे रोज संध्याकाळी जाऊन तिच्या अंगावर एकदा हात फिरवून यायचे, तेवढंच. विशालनं आणि जीवननं तिच्या फळ्या काढल्या आणि ह्या नव्या बोटीला धक्का बांधला. विचारलं नाही. "सडतच होती," म्हणाला. ह्यांनी ते बघितलं, घरी आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. त्या दिवसापासून जे गुळणी धरून बसलेत ते बसलेत. आता दोघंही एकाच टोपलीतली भाकरी मोडतात आणि मध्ये मी. "सांग तुझ्या पोराला, बापाच्या हाडांवर नाचतोय म्हनावं." मी आत जाऊन सांगते, बाबा म्हणतात फळ्या जपून वापर, खिळे वर आलेत. "सांग त्यांना, त्यांची होडी त्यांनी वेळेवर विकली असती तर ही वेळ आली नसती." मी बाहेर येऊन सांगते, विशालला वाईट वाटतंय. हे हूं करतात. तो हूं करतो. दोन्ही हूं मी पदरात घेऊन झोपते. माझ्या मनात येतं, ह्या घरात कुणाचं काहीच तुटलेलं नाही ते माझ्यामुळे. आणि मग लगेच येतं, कुणाचं काहीच कुणाला पोचलेलं नाही तेही माझ्यामुळेच. असं मनात आलं की मी उठते आणि भांडी घासायला घेते.

आणि हा माणूस एके काळी किती बोलायचा! दुकान माझ्या वडिलांचं. बाळारामशेटचं दुकान म्हणून अजून लोक ओळखतात. मी कॉलेजातून आले की दुपारी तिथे बसायचे. तेव्हा हे त्यांच्या रेती ओढायच्या पंपाचा पट्टा घेऊन यायचे. अंगाला खाडीच्या गाळाचा वास, गुडघ्यापर्यंत पँट वर केलेली, आणि तोंडाची टकळी चालू. भरती कशी होती, पाण्यात काय दिसलं, कुठल्या माशानं जाळं फाडलं. दर आठवड्याला पट्टा तुटायचा. इतके कसे तुटतात, वडील चक्रावले होते. मी एक दिवस तुटका पट्टा हातात घेऊन बघितला. कड साबणाची वडी कापावी तशी साफ. दोऱ्या पिंजलेल्या नाहीत, काही नाही. "हा सुरीनं कापलाय," मी म्हटलं. माणूस कानापर्यंत लाल झाला, आणि मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "मग काय करू? तुमच्या दुकानात दुसरं कायच मिलत न्हाय." असं सरळ. मध्ये कुणी नाही, घसरणं नाही. त्या माणसाला बायकोच्या तोंडून मुलाशी बोलायची पाळी यावी ह्याचा मला राग येतो. त्याचा येतो, विशालचा येतो, आणि सर्वांत जास्त माझा येतो.

दुपारी लाइट गेली. समोरचे लूम एकदम थांबले आणि गल्लीत अशी शांतता पसरली की कानाला दडे बसल्यासारखं झालं. पंखा बंद. डोक्यावरचा पत्रा तापून टक टक करत होता. उन्हात पत्रा वाढतो आणि खिळ्यांत अडकून बोलतो, वडील म्हणायचे. मी दोन्ही पट्टे अजून पुढ्यात ठेवून बसले होते. घाम पुसायला मनगट वर केलं तर बांगडी हलेना. सकाळी हीच बांगडी कोपरापर्यंत सुळकन जाते. दुपारी हात चढतो आणि ती रुतते. मी बांगडीखाली अंगठा घालायचा प्रयत्न केला, आणि अंगठा तिथेच थांबला. हा अंगठा मला वडिलांनी शिकवला. लहान असताना माझा अंगठा धरून त्यांनी लूमच्या मोटरच्या पट्ट्यावर दाबला होता. "एवढा दबला पायजे. ह्याच्याहून ढिला नको. ढिला पट्टा मालकाला बुडवतो." सगळी भिवंडी हाच अंगठा वापरते. लूमचा सांगाडा लोखंडी, जमिनीत रुतवलेला, मोटर आपल्या जागी. तापून तापून कुठे जाणार? पण ती बोट. त्या इंजिनाच्या डोक्यावर तो ब्लोअर बसलाय. आग आग होणारं इंजिन, आणि वर ॲल्युमिनियमचं धूड. ते तापलं की वाढणार. वरची पुली खालच्या पुलीपासून लांब जाणार. आणि पट्टा बिचारा माझ्या अंगठ्यानं आधीच घट्ट केलेला. दुपारचा हात आणि सकाळची बांगडी. मी विशालला फोन लावला. "तुटला तेव्हा इंजिन किती तापलं होतं?" "चांगलं तापलं होतं. दोन्ही वेळा तसंच. सुटताना काय नसतं गं, परत फिरताना जातो. का?" काही नाही, म्हटलं आणि ठेवला. मग मुंबईच्या सप्लायरला फोन केला. तो म्हणाला, "अहो मॅडम, ब्लोअरचा पट्टा थंड असताना ढिलाच ठेवतात. इंजिन तापलं की तो आपोआप ताणावर येतो." जगाला माहीत असल्यासारखं बोलला. हे आधी सांगायला काय झालं होतं त्याला? पण मी तरी कुठे विचारलं होतं. मला माझा अंगठा होता ना.

घरी निघाले ती रिक्षात दोन्ही पट्टे पिशवीत घेऊन. आता उत्तर मिळालं होतं, तरी निवड सुटली नव्हती. उलट वाईट झालं होतं. आता मला माहीत होतं की दात्यांचा पट्टा ढिला बसवला तर टिकेल. म्हणजे बोट पुऱ्या वेगानं जाणार. म्हणजे माझ्या हातात कारणच उरलं नाही, फक्त भीती उरली. टेमघरच्या वळणावर ट्रेलर आडवा आला होता, रिक्षावाला शिव्या देत होता आणि मी पिशवीत हात घालून एकदा रेघांवरून, एकदा दात्यांवरून बोट फिरवत होते. डोळे मिटूनही कळतं कुठला कुठला ते.

हे ओट्यावर बसले होते. मी चपला काढतेय तोवरच म्हणाले, "दुसरा बी तुटला म्हनं." गावात बातमी ह्यांच्या आधी कुणाला कळते? म्हटलं, हो. "डोल्याला लागलं?" "भुवईला." हे खाली जमिनीकडे बघत म्हणाले, "सांग त्याला, पट्टा ढिला ठेवतोय म्हनून तुटतो. पान्यात ढिला पट्टा दगा देतो. मी दोन्ही टायमाला आवललाय. पहाटे जाऊन दोन-दोन आटे दिले. तरी तुटला. आता तीन देतो." मी ओट्याच्या पायरीवर तशीच बसले. म्हणजे हे रोज पहाटे फिरायला जातो म्हणून निघतात ते तिथे जातात. ज्या फळ्यांकडे बघायचं नाही अशी शपथ घेतलीय त्याच फळ्यांवर उभं राहून, मुलगा उठायच्या आत, त्याच्या इंजिनाचा पट्टा आवळून येतात. त्याच्या जिवाला काही होऊ नये म्हणून. मी अंगठ्यानं आवळला, ह्यांनी पाना लावून आवळला, आणि आम्ही दोघांनी मिळून पोराचा डोळा जवळपास फोडलाच होता की. आणि उद्या मी रेघांचा दिला काय नि दात्यांचा दिला काय, हे जाऊन त्याला तीन आटे देणारच. कुठलाही पट्टा निवडला तरी तो ह्या घरात तुटणारच होता. "सांगशील ना?" हे म्हणाले. मी ह्यांच्याकडे बघितलं. कानाजवळचे केस पांढरे झालेत, कान तेवढे तेच. म्हटलं, "शनिवारी संध्याकाळी धक्क्यावर या. पाना घेऊन या. तोवर हात लावलात तर माझी शपथ आहे." विशालला वेगळं सांगितलं, पट्टा मी येऊन बसवणार, थांब. कुणाला कुणाबद्दल काही सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचे निरोप मी जिथल्या तिथे ठेवले आणि मला दोन रात्री धड झोप लागली नाही.

शनिवारी पाणी चढत होतं. पलीकडे जत्रेचे पाळणे उभे करायचं काम चालू होतं, कुणीतरी लाउडस्पीकरवर हॅलो हॅलो करत होतं. जीवनला मी मुद्दाम बर्फ आणायला पिटाळलं. विशाल इंजिनाचं झाकण उघडून वाकला होता. हे आले, धक्क्याच्या टोकाशी थांबले, खाली फळ्यांकडे बघितलं. एका फळीवर अजून त्यांच्या होडीचा हिरवा रंग होता. तिला ओलांडून पाय टाकला. विशालनं मान वर केली, ह्यांना बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत शिवी होती. मी पिशवीत हात घातला. डोळे न मिटता, बघून, दात्यांचा पट्टा काढला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं पट्टा चढवला, ताण देणाऱ्या छोट्या पुलीचा बोल्ट फिरवला, मी दाबून बघितलं आणि अंगठा किंचाळत असताना म्हटलं, बस, एवढाच. हे पुढे झाले. वाकून पट्टा बोटानं हलवला. मग माझ्याकडे वळले. "ढिला हाय ह्यो. सांग त्याला."

मी खाडीकडे बघितलं. म्हटलं, "तो तुमच्यापासून दोन हातांवर आहे. तुम्हीच सांगा."

पाणी बोटीच्या अंगाला चपचप लागत होतं. मला वाटलं आता हे पाना टाकून निघून जाणार. आणि गेले असते तर मी धावत मागे गेले असते, आणि सगळं पहिल्यासारखं झालं असतं. हे खाकरले. "ढिला हाय ह्यो," हे म्हणाले. इंजिनाला म्हणाल्यासारखं. विशालनं मान वर केली नाही. "थंड हाय म्हणून. तापलं का बसतो." "कोन बोलला?" "आई बोलली." दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. "चालू कर," हे म्हणाले. इंजिन सुरू झालं, धक्का पायाखाली थरथरला, बोलणंच संपलं. दोघं झाकणाच्या दोन बाजूंना उभे राहून त्या पट्ट्याकडे बघत होते. तो आधी जरासा फडफडत होता, मग हळूहळू, कुणी हात न लावता, शांत झाला. बराच वेळ गेला. विशालनं इंजिन बंद केलं. ह्यांनी अंगठा दाबला. पुन्हा दाबला. मग विशालनं दाबला, तिथेच, ह्यांच्या अंगठ्याशेजारी. "बसला की रं," हे म्हणाले. आणि थोड्या वेळानं, अगदी हलक्या आवाजात, "मी आवलत होतो. पहाटे येऊन. दोन्ही टायमाला."

विशालचा हात भुवईकडे गेला. आता ह्याचा भडका उडणार, मला कळलं, आणि जिभेवर तयारच होतं, बाबांना म्हणायचं होतं की, बाबांची इच्छा होती की. मी जीभ दातांखाली धरली. खरंच धरली, दुखेपर्यंत. "मला वाटत होतं माझ्याच हातानं चुकतंय," विशाल म्हणाला. "रात्रभर डोकं खपवलं मी." "मला भ्याव वाटत होतं रं," हे म्हणाले. हे शब्द माझ्याकडे आले असते तर मी विशालला काय सांगितलं असतं? बाबा म्हणतात, जप. विशाल पुसायच्या फडक्यानं हात पुसत राहिला. मग म्हणाला, "उद्या बसताय का माझ्याबरोबर? खडकाकडचं पाणी तुम्हाला जास्त कळतं." "माझ्याच फळ्यांवर उभा ऱ्हाऊन मला इचारतोस व्हय?" "मग कुठं उभा राहू? अख्ख्या खाडीत ह्याच घट्ट हायत." हे हसले. तो जुना, सुरीनं पट्टा कापणारा माणूस हसला तसे हसले. आणि दोघं परत त्या इंजिनात वाकले, वळणावर वेग कुठे तोडायचा, भरती कितीला भरते, आणि मला कुणी काही विचारलं नाही.

मी धक्क्याच्या कडेला बसले. आनंद झाला होता, एवढा की छातीत मावत नव्हता, आणि त्याच छातीत कुणीतरी जागा रिकामी करून गेल्यासारखंही वाटत होतं. मागे हे काहीतरी बोलले, विशाल काहीतरी बोलला. आणि माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलतायत. बाबा म्हणतात, वळणावर दमानं घे. विशाल म्हणतो, कळतंय मला. मी पाण्याकडे बघत, कुणालाच ऐकू जाणार नाही असं, एकेक निरोप पोचवत होते. मग ओठ मिटले, आणि पिशवीतला रेघांचा पट्टा काढून मांडीवर घेऊन बसले.